पत्र्यावरची खूण

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या बिदर भागातल्या घरांत एकच प्रश्न दोन भाषांतून विचारला जातो. मराठीत "फराळाचं झालं का?" आणि कन्नडमध्ये "हब्बद तिंडी आयता?" पूर्वी या प्रश्नाला "चकल्या राहिल्यात", "बेसन भाजतेय" अशी उत्तरे मिळत. आता बहुतेक ठिकाणी "सांगून ठेवलंय" एवढेच ऐकू येते. मीही त्यातलीच. ऐन दिवाळीच्या तोंडावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरात येऊन पडलेले असतात. त्यामुळे दुकानातून फराळ आणणाऱ्यांना मी नावे ठेवायला बसलेले नाही.

पण आमच्या घरचा फराळ बंद पडला तो उत्तरपत्रिकांमुळे नव्हे. दोन वर्षांपूर्वी आईने गॅसवर दूध ठेवले आणि तिला डुलकी लागली. पातेले जळून काळे ठिक्कर झाले, घरभर धूर. मी कॉलेजातून आले तेव्हा ती पुढच्या खोलीत शांत झोपलेली होती. त्या दिवसापासून मी तिला गॅसपाशी जाऊ दिलेले नाही. तिने वाद घातला नाही. आधी तिने स्वयंपाकघरात येणे सोडले, मग आज भाजी कोणती हे विचारणेही सोडले. ते माझ्या लक्षात यायला बरेच महिने गेले, हे कबूल करते.

२०२५ च्या दिवाळीआधी चार दिवस तिला घेऊन हैदराबादला धाकट्या बहिणीकडे गेले. हैदराबाद म्हणजे आईचे माहेर. आज ते वेगळ्या राज्यात आहे, पण आईचा जन्म १९४७ चा, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होईपर्यंत बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड या सगळ्यांची राजधानी तीच होती. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण म्हैसूर राज्यात आलो आणि हैदराबाद आंध्रात गेले. सोयरिकी मात्र त्या रेषा पाहून कोणी केल्या नाहीत. आईचे बालपण सुलतान बाजारात गेले. शिक्षण झाले ते १९०७ साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनीत, मराठीतून. बहिणीचे सासर कलबुर्गीचे, कन्नड. त्यामुळे तिच्या मुलांना दोन आज्या. एक आमची आई, ती 'आजी', आणि दुसऱ्या बहिणीच्या सासूबाई, त्या 'अज्जी'. आतल्या खोलीतून कोणी हाक मारली की दोघी एकदमच "काय रे?" आणि "एनो?" म्हणतात.

माझी भाची अकरा वर्षांची. तिने आम्ही पोहोचायच्या आधीच ठरवून टाकले होते की यंदा घरी 'शुगर कुकीज' करायच्या. म्हणजे साखर-लोण्याची बिस्किटे साच्याने कापून भाजायची आणि वर साखरेच्या लेपाने रंगीत नक्षी काढायची. अमेरिकेत नाताळात घरोघरी हा उद्योग चालतो. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात अठराव्या शतकात येऊन राहिलेल्या जर्मन मोरावियन लोकांनी ही बिस्किटे तिकडे रुजवली असे सांगतात. माझ्या मनात आले, आता हेच राहिले होते. चकली विकतची आणि बिस्किट घरचे! पण सुट्टीच्या दिवशी मुलांचा हिरमोड कशाला करायचा, म्हणून गप्प बसले.

आईने मात्र साहित्य ऐकले आणि म्हणाली, "मैदा, साखर, लोणी. म्हणजे नानकटाईच की. आम्ही भट्टीवर न्यायचो."

मग ती बोलायलाच लागली. १९५०-६० च्या दशकात सुलतान बाजारात ओव्हन कोणाकडे असणार? दिवाळीआधी घरी पीठ मळायचे, गोळे करून पत्र्यावर मांडायचे, वर मलमलीचे फडके टाकायचे आणि पत्रा डोक्यावर घेऊन गल्लीतल्या भट्टीवर जायचे. भट्टी लाकडाची. सकाळचे पाव निघाले की उरलेल्या धगीत नानकटाई भाजायची, कारण तिला पावाइतकी आच सोसत नाही. भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या लाकडी फळीने पत्रे आत सरकवायचे. मोहरमच्या दिवसांत तिथेच मुसलमान घरांतून रोटचे पीठ यायचे, रवा-तुपाचे, आणि नाताळात ख्रिस्ती घरांतून केकचे डबे. दसऱ्या-दिवाळीला आमचे पत्रे.

एवढ्या पत्र्यांत आपला कोणता हे कसे कळायचे? भाचीने अगदी बरोबर जागेवर बोट ठेवले.

"खूण करायची," आई म्हणाली. कोणी मध्ये चमच्याने फुली मारायचे, कोणी पिस्त्याचे काप लावायचे, कोणी बोटाने खळगा पाडून त्यात केशराचा ठिपका द्यायचे. आईच्या घरची खूण म्हणजे फाउंटन पेनच्या टोपणाचा गोल ठसा आणि त्यात एक चारोळी. टोपण धुऊन घेण्यावरून दर वर्षी तिची आणि आजोबांची बोलाचाली व्हायची म्हणे. ही नक्षी आजवर मला नुसती शोभा वाटत आली होती. आमच्या लहानपणी बिदरलाही पत्रे भट्टीवर जात, १९८८-९० पर्यंत तरी मीच नेलेले आठवतात. पण तोवर आमच्याकडे चिठ्ठी चिकटवायची पद्धत आली होती, आणि चारोळी नुसतीच लावायची म्हणून लावली जाई.

हैदराबादला बिस्किटांचे वेड जुने. इराण्यांच्या हॉटेलांतला चहा आणि उस्मानिया बिस्किट, किंचित खारट, किंचित गोड. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ते नाव पडले असे सांगतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ मध्ये मोअज्जम जाही मार्केटपाशी कराची बेकरी काढली. तिथली टुटीफ्रुटीची बिस्किटे आपल्याकडचा हैदराबादहून येणारा प्रत्येक पाहुणा अजून आणतो. तेव्हा बाहेरचे बिस्किट उत्तम मिळणाऱ्या गावात घरी करण्याचा खटाटोप चवीसाठी नव्हताच, हे आधीच सांगते.

रविवारी सकाळी नऊला सुरुवात झाली. पहिला अडथळा तुपाचा. आईचा आग्रह साजूक तुपाचा, भाचीच्या वहीत लोणी. दोघींचेही खरे होते. तुपात पाणी जवळजवळ नसते, म्हणून नानकटाई तोंडात विरघळते, पण भाजताना पसरते आणि वर तडकते. तिला तडाच शोभतो. कापून आकार द्यायचा असेल तर बिनमिठाचे बटर बरे, त्यातल्या थोड्या पाण्याने पीठ धरून राहते. शेवटी दोन्ही करायचे ठरले.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी प्रमाण देते. मैदा २५० ग्रॅम, बटर १५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, थोडी वेलची. बटर-साखर फेटून हलके करायचे, मैदा मिसळायचा, लागलेच तर चमचा-दोन चमचे दूध. जास्त मळायचे नाही, पोळीच्या कणकेसारखे तिंबले तर बिस्किट चिवट होते. बेकिंग पावडर घालायची नाही, नाहीतर पणतीचा भोपळा होतो. (आमचा पहिला घाणा तसाच झाला. भाच्याने कोणाला न विचारता अर्धा चमचा टाकली होती.) अर्धा सेंटीमीटर जाड लाटून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचे, मग कापायचे. ओटीजीत १७० अंशांवर बारा ते चौदा मिनिटे. कडा जरा बदामी झाल्या की काढायचे. बाहेर काढताना मऊ लागतात म्हणून पुन्हा आत ढकलू नका, गार झाली की कडक होतात. एवढ्यात पस्तीस-चाळीस बिस्किटे होतात.

साचे कोणाकडे नव्हते. चांदण्या आणि पणत्या पुठ्ठ्याच्या आकारावरून सुरीने कापल्या, गोल वाटीने. मग अज्जींनी करंजीचे कातण मागितले आणि कैऱ्यांच्या कडा अशा नागमोडी कापल्या की मुले बघतच राहिली.

खरी गंमत लेपाची. परदेशी कृतीत कच्च्या अंड्याचा पांढरा भाग असतो. सोवळ्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी कच्चे अंडे लहानांना आणि म्हाताऱ्यांना बाधू शकते, म्हणून ते नकोच. २०० ग्रॅम बारीक पिठीसाखर, पाच-सहा चहाचे चमचे पाणी आणि लिंबाचे चार थेंब, बस्स. साखर घरी दळली तर मलमलीतून चाळून घ्या, एक कण राहिला तरी कोनाचे तोंड बुजते. रंगाला बिटाचा रस, केशर, हळद. चांदीचे गोळे आणले होते, पण ते अज्जींच्या कवळीला आणि मुलांच्या दातांना नकोत म्हणून चारोळ्या आणि पिस्ते घेतले.

कोन दुधाच्या पिशवीचा. स्वच्छ धुऊन वाळवायची, मेंदीच्या कोनासारखी गुंडाळायची आणि टोक सुईएवढे कापायचे. घट्ट लेपाने आधी कडेची रेघ ओढायची, मग पातळ लेप आत सोडायचा. वहीत याला काहीतरी इंग्रजी नावे होती. अज्जींनी एकदाच पाहिले आणि म्हणाल्या, "रंगोलीनं!" रांगोळीच की. आधी रेघ, मग रंग. त्यांनी कोन हातात घेतला तो दुपारपर्यंत सोडला नाही. पुढे कोणी तरी साखरेच्या गाठींचा विषय काढला. होळीला मुलांच्या गळ्यात घालतात ते सक्करे सर, आपल्या पाडव्याच्या गाठी, म्हैसूरकडे संक्रांतीला लाकडी साच्यात पाडतात ते सक्करे अच्चु. आपला काटेरी हलवा म्हणजे त्यांचे कुसुरेळ्ळु, हे विहिणींनी एकमेकींना आजवर कितीदा सांगितले असेल कोण जाणे. अज्जींना मधुमेह आहे, म्हणून निम्मी बिस्किटे बिनलेपाची ठेवली होती. त्यांनी त्यातले एकच खाल्ले, आणि ते मोजून.

आई टेबलाच्या टोकाला बसली होती. बहीण दोनदा म्हणाली, "आई, तू बस गं, आम्ही करतो." मीही तेच म्हणणार होते. तेवढ्यात भाचीने तिच्यापुढे तुपाच्या पिठाचे ताट सरकवले. "आजी, नानकटाई तुझी."

आईचा हात आता थरथरतो. कोन तिला जमला नाही, रेघ वाकडी गेली, तिने तो निमूटपणे खाली ठेवला. पण गोळे तिने वळले. एकही लहान-मोठा नाही. गोळा वळायला डोळे लागत नाहीत आणि गॅस तर लागतच नाही. टेबलावर चार तास काम चालले होते आणि त्यात विस्तवाशी संबंध फक्त ओटीजीच्या दाराशी, तिथे बहीण उभी. मी दोन वर्षे आईला स्वयंपाकघराबाहेर ठेवले. विस्तव आणि स्वयंपाक हे दोन वेगळे आहेत, निवडणे, वळणे, भरणे, कापणे यात विस्तव कुठे आहे, हे मला सुचायला हवे होते. बी.ए.च्या मुलांना मी तर्कशास्त्र शिकवते!

मध्येच आईने विचारले, "आच किती ठेवलीस?" दोन वर्षांत तिने स्वयंपाकातले काही विचारले ते हे पहिले. बहिणीने आकडा सांगितला. आईला आकड्यात रस नव्हता. "वास आला की काढ. घड्याळ बघत बसू नकोस." दुसरा पत्रा तिने सांगितल्यावर काढला. घड्याळाने अजून दोन मिनिटे बाकी होती. नानकटाई नेमकी झाली होती, खालून सोनेरी, वर पांढरट, मध्ये तडा.

दुपारी पंख्याखाली लेप वाळत घातला. पूर्ण सुकायला सहा-आठ तास लागतात, तोवर एकावर एक रचायची नाहीत. भाच्याने धीर न धरता तीन एकावर एक ठेवली आणि ती जी चिकटली ती चिकटलीच. ती त्याच्याच वाट्याला दिली. दोघा भावंडांनी सगळ्यांची नावे बिस्किटांवर लिहिली, इंग्रजी अक्षरांत. अज्जींनी आपले नाव कन्नडमध्ये हवे म्हणून हट्ट धरला. मुलांना ते येईना. तेलुगू येते, अक्षरे जवळची आहेत, म्हणून जमेल तसे काढले. अज्जींनी चष्मा लावून पाहिले, एक वळण चुकले होते, ते कोनाने दुरुस्त केले. आईचे नाव मात्र मी लिहिले, देवनागरीत, शिरोरेघ देऊन.

संध्याकाळी डबे भरायला घेतले. एक शेजारच्या तेलुगू बाईंना, एक खालच्या मजल्यावरच्या डिसूझांसारख्या ख्रिस्ती कुटुंबाला, ते नाताळात आम्हाला गुलाबाची बिस्किटे देतात. एक कलबुर्गीला, एक बिदरला. सगळे डबे सारखे, स्टीलचे. कोणता कोणाचा यावरून गोंधळ झाला. बहीण चिठ्ठ्या लिहायला कागद शोधू लागली.

नानकटाईचा शेवटचा पत्रा अजून भाजायचा राहिला होता. आईने भाचीकडे पेन मागितले. हल्लीच्या पेनाचे टोपण बारीक, तिला ते पसंत पडेना. मग भाच्याने दप्तरातून जाड मार्कर आणला. आईने टोपण काढले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "जा, धुऊन आण. साबणानं."