पान नको, मूळ दाखवा

हिंगोली जिल्ह्यात ट्रफलची रोपे तयार करून विकता येतील का? शेतीत नवे काही शोधणारी तरुण मुले हा प्रश्न विचारतात, तेव्हा उत्तर आडपडदा न ठेवता द्यायला हवे: नाही. ट्रफल ही जमिनीखाली, ओक किंवा हेझेलच्या मुळांवर वाढणारी बुरशी. तिला हाडे गोठवणारा हिवाळा लागतो, आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. एक गोष्ट मात्र जुळते. फ्रान्सच्या काळ्या ट्रफलला चुनखडीची जमीन लागते, साधारण ७.५ ते ८.३ सामूची, आणि आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामूही बऱ्याच ठिकाणी आठच्या आसपास असतो. पण ती माती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. सामू जुळला म्हणून पीक जुळत नाही.

तरीही हा धंदा हिंगोलीच्या रोपवाटिकाधारकाने नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. कारण ट्रफलची रोपे विकणारा माणूस जे विकतो, ते आपल्याकडे अजून कोणी विकत नाही.

गोष्ट फ्रान्समध्ये सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या जोसेफ तालाँ नावाच्या शेतकऱ्याने, ज्या ओकखाली ट्रफल सापडते त्याच झाडाखालची फळे उचलून पेरली. काही वर्षांनी नव्या झाडांखालीही ट्रफल निघाले. त्याला कारण ठाऊक नव्हते, पण रीत सापडली होती. कारण कळून त्याचे तंत्र व्हायला १९७० चे दशक उजाडले. फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत जेरार शेवालिए आणि जाँ ग्राँत यांनी पिकलेल्या ट्रफलचे बीजाणू ओकच्या कोवळ्या रोपांच्या मुळांना बंदिस्त जागेत लावले, आणि १९७३ पासून अशी रोपे बाजारात येऊ लागली. न्यूझीलंडने याच पद्धतीने रोपे लावली आणि १९९३ मध्ये तिथे दक्षिण गोलार्धातले पहिले काळे ट्रफल निघाले.

कृती ऐकायला सोपी आहे. पिकलेले ट्रफल पाण्यात वाटायचे, ते पाणी निर्जंतुक मातीतल्या रोपाच्या मुळांशी घालायचे आणि काही महिने थांबायचे. अवघड भाग त्यानंतरचा. रोप विकण्याआधी नमुन्यादाखल काही रोपे उपटून, त्यांची मुळे धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. किती मूळटोकांवर हवी ती बुरशी बसली आणि किती टोकांवर दुसरीच घुसली, हे मोजतात. या तपासणीत चूक झाली तर शेतकऱ्याला ती पाच-सात वर्षांनी, फळ न आल्यावर कळते. अशी एक चूक घडली आणि तिच्यात आपल्या देशाचे नाव आले. हिमालयात सापडलेल्या एका ट्रफलला १८९२ मध्ये 'ट्यूबर इंडिकम' हे नाव दिले गेले. दिसायला ते फ्रेंच ट्रफलसारखे, चवीला फिके. ही आशियाई जात इटलीतल्या एका लागवडीत मुळांवर बसलेली आढळल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. डोळ्यांना फरक कळेना, म्हणून डीएनए तपासावा लागला. तेव्हापासून या धंद्यात रोपाच्या हिरव्यागार पानांना किंमत नाही. किंमत आहे ती तपासलेल्या मुळाला.

आता ट्रफलपासून हिंगोलीच्या वाटेला लागू. ही वाट बर्लिनमधून जाते. प्रशियाच्या सरकारला ट्रफलची शेती करायची होती, म्हणून त्यांनी आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाला अभ्यासाला लावले. फ्रांकला ट्रफल पिकवणे जमले नाही. पण झाडांची मुळे तपासताना त्याच्या लक्षात आले की ती नुसती मुळे नाहीत, त्यांच्यावर बुरशीचे आवरण आहे, आणि झाड आजारी पडण्याऐवजी उलट जोमदार आहे. १८८५ मध्ये त्याने या जोडीला 'मायकोरायझा' म्हटले, म्हणजे बुरशी-मूळ. झाड बुरशीला साखर देते, बुरशी झाडाला मातीतले अन्न आणि पाणी आणून देते. बुरशी म्हणजे रोग, असेच मानण्याच्या त्या काळात ही कल्पना अनेकांना पटली नव्हती.

ट्रफल मुळाच्या बाहेरून आवरण घालते. असे बाह्य आवरण मोजक्याच झाडांना लागते: ओक, चीड, साल. साल आपल्या मराठवाड्यात नाही, पण गडचिरोलीच्या शेजारच्या बस्तरमध्ये आहे. तिथे पहिल्या पावसात सालाखाली 'बोडा' निघतो, जमिनीतला गोल कंदासारखा. हंगामाच्या सुरुवातीला त्याचा भाव किलोला हजाराच्या पलीकडे जातो. भारतातला 'ट्रफलच्या जवळचा' धंदा करायचाच असेल, तर तो सालाच्या रोपांवर बोडा बसवण्याचा असू शकेल. तो सालाच्या मुलखातल्या लोकांचा हक्काचा विषय आहे.

आपल्या जिल्ह्याचा विषय दुसऱ्या प्रकारची बुरशी आहे. ती मुळाच्या आत शिरते आणि पेशीत झाडासारखी फांद्या-फांद्यांची रचना करते. कृषी सेवा केंद्रात तिला 'व्हॅम' म्हणतात. ही जोडी फार जुनी आहे: स्कॉटलंडमधल्या चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही ती दिसते. ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस, साग, आंबा, सीताफळ, लिंबू, बांबू आणि हळद, या सगळ्यांच्या मुळांत ती राहते. कोबी-मोहरीचे कूळ तिला थारा देत नाही.

काळ्या मातीत तिचे मोल अधिक आहे. आपण स्फुरद टाकतो, तो चुन्याशी बांधला जातो आणि मातीत जागीच अडकून पडतो. टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या हाती साधारण १५ ते २० टक्केच लागतो. मुळाच्या केसांची पोच एखाद-दोन मिलिमीटर. त्या टापूतला स्फुरद संपला की मूळ उपाशी. बुरशीचा तंतू मात्र केसापेक्षा कितीतरी बारीक असतो आणि मुळापासून काही सेंटिमीटर लांब जाऊन तो तिथला स्फुरद आणून देतो. मोबदल्यात झाड आपण तयार केलेल्या अन्नातला चार ते वीस टक्के वाटा देते. हा व्यवहार झाड विचारपूर्वक करते असे म्हणावेसे वाटते, कारण स्फुरद भरपूर मिळाला की ते बुरशीला आत घेणेच कमी करते. अठरा-सेहेचाळीस (डीएपी) खताचा सढळ हात आणि व्हॅमची पुडी, दोन्ही एकाच वाफ्यात टाकणाऱ्याचे पुडीचे पैसे बहुधा वाया जातात.

मग प्रश्न येतो: ही बुरशी शेतात आधीच आहे, तर रोपाला लावायची कशाला? प्रश्न रास्त आहे. बांधावरच्या चांगल्या मातीत ती असते, आणि तिथे बाहेरून टाकून फार फरक पडेल असे सांगणारा माणूस पुडी विकत असतो. फरक पडतो तो जिथे बुरशी नाहीच तिथे. खाणीच्या ढिगाऱ्यावर ती नसते. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ओसाड ढिगावर झाडे जगवली, ती साखर कारखान्याची मळी आणि मायकोरायझा आणि जिवाणू खते मुळांशी देऊनच. गोवा विद्यापीठात लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातील झाडांच्या या बुरशीवर बराच अभ्यास झाला. आणि अशीच आणखी एक ओसाड जागा प्रत्येक तालुक्यात आहे, तिच्याकडे मात्र कोणी पाहत नाही: रोपवाटिकेतला प्रोट्रे. त्यातले कोकोपीट स्वच्छ असते, म्हणून रोगही नसतो आणि मित्रबुरशीही नसते. रानात पडलेले बी उगवते तेव्हा आसपासच्या झाडांच्या बुरशीचे जाळे त्याला आयते मिळते. ट्रेतले रोप मात्र उघड्या मुळाने शेतात जाते.

इथे हिंगोलीची हळद येते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतलाच बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. पण लावण अजून बहुतेक जुन्या रीतीने होते: एकरी दहा क्विंटलच्या आसपास बेणे, पन्नासेक ग्रॅमचे जेठे गड्डे. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने दुसरी रीत दाखवली आहे. कंदाचा एक डोळा असलेला पाचेक ग्रॅमचा तुकडा प्रोट्रेत लावायचा, महिना-सव्वा महिना वाढवायचा आणि मग शेतात न्यायचा. हिशेब कागदावर करून पाहा. दहा क्विंटलमध्ये पन्नास ग्रॅमचे वीस हजार गड्डे बसतात. वीस हजार रोपांना पाच ग्रॅमप्रमाणे लागतात फक्त शंभर किलो. लहान तुकड्यात शिदोरी कमी असते, म्हणून ट्रेतली काळजी दुप्पट आणि मुळाची ताकद महत्त्वाची. अशा रोपाच्या मुळात बुरशी आधीच बसलेली असेल, तर तो माल खरोखर वेगळा ठरेल. ट्रफलच्या ओकला शेवालिएने जे केले, तेच आपल्या हळदीला, आपल्या बुरशीने.

त्यासाठी बुरशी वाढवावी लागते, आणि तिथे एक अडचण आहे. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, बाटलीतल्या खाद्यावर ती जगत नाही. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने ती गाजराच्या मुळांवर प्रयोगशाळेत वाढवली. लहान धंद्याला कुंडीतली रीत पुरते. वाळू आणि माती वाफवून निर्जंतुक करायची. हळद शिजवायचा वाफेचा कुकर बराच काळ मोकळा असतो, तो या कामी येईल. कुंडीत खात्रीच्या ठिकाणाहून आणलेले मूळ विरजण घालून ज्वारी किंवा मका पेरायचा. स्फुरद जवळजवळ द्यायचाच नाही. तीनेक महिन्यांनी पाणी तोडायचे, म्हणजे बुरशी बीजाणू धरते. मग ताटे कापून मुळे बारीक चिरून त्याच मातीत मिसळायची. झाले आपले विरजण. प्रत्येक ट्रेच्या कप्प्यात, डोळ्याच्या खाली, चिमूटभर पडले पाहिजे, वर भुरभुरून उपयोग नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण ती हळदीची रोजची सवय आहे. बेणे कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडवायची पद्धत आहे. हे औषध ज्या गटातले, त्याच गटातले बेनोमिल संशोधक ही बुरशी दाबण्यासाठी मुद्दाम वापरतात. कंदकुजीचा बंदोबस्त हवाच, पण तो ट्रायकोडर्मासारख्या जैविक मार्गाने करता येतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'बायोमिक्स' आपल्याकडे हळदीसाठी वापरलेच जाते.

आणि आता तपासणी, ज्यावर सारा धंदा उभा राहील. मुळाच्या आतली बुरशी डोळ्यांना दिसत नाही. तिला रंग द्यावा लागतो. १९९८ मध्ये कॅनडा आणि जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले की त्याला महागडे रसायन लागत नाही: फाउंटन पेनची शाई आणि घरातले व्हिनेगर पुरते. बारीक मुळे धुऊन दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम करून पारदर्शक करायची, स्वच्छ धुवायची, मग पाच टक्के शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये तीन मिनिटे उकळायची आणि थोडे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात धुवायची. मूळ फिके राहते, बुरशी गडद दिसते. सेंटिमीटरचे शंभर तुकडे पाहिले आणि साठांत बुरशी दिसली, तर साठ टक्के. सगळ्याच शाया सारख्या चालत नाहीत, दोन-तीन करून पाहाव्या लागतात. पोटॅश त्वचा जाळते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. सूक्ष्मदर्शक जिल्ह्यातल्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात आहे, आणि तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र सल्ल्याला जवळ आहे.

विकत घेतलेल्या पुडीलाही हीच कसोटी लावा. खत नियंत्रण आदेशात मायकोरायझाच्या खतासाठी ग्रॅममागे किमान शंभर जिवंत प्रजनक घटकांची अट आहे. उन्हात पडून राहिलेल्या पुडीत ते जिवंत आहेत की नाहीत, हे छापील वेष्टनावरून कळत नाही. ज्वारीच्या चार कुंड्यांत टाकून सहा आठवड्यांनी मुळे रंगवा, म्हणजे कळते. फळझाडांच्या कलमांकडे पुढे जायचे असेल तर त्या रोपवाटिकेला परवाना लागतो, तेवढे आधी पाहून घ्यावे.

हळदीची लावण आपल्याकडे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होऊन जूनपर्यंत चालते. त्याआधी महिना-सव्वा महिना ट्रेतला, त्याआधी तीन-चार महिने कुंडीतले. म्हणजे ज्याला येत्या हंगामात मुळासकट तपासलेली पहिली हजार रोपे विकायची आहेत, त्याची ज्वारी डिसेंबरात कुंडीत पडलेली असायला हवी. आणि रोप घ्यायला जाणाऱ्याने तिथे एकच मागणी करावी: एक ट्रे उलटा करा, आणि मूळ दाखवा.