एल. व्ही. आणि गीशी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात खुर्च्या बनविणारी एक कंपनी होती. ती ग्रामोफोनच्या लाकडी पेट्याही करी, आणि त्या पेट्या खपाव्यात म्हणून तिने तबकड्या काढावयास सुरुवात केली. ‘पॅरामाउंट’ ते हेच. मालकांना गाण्याची फारशी गोडी होती असे नव्हे. पण दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांचे ‘ब्लूज’ खपते हे त्यांच्या ध्यानात आले, आणि या व्यापारी नजरेनेच, एरवी हवेत विरून गेली असती अशी किती तरी गाणी वाचवली.

1930 साली टेक्ससमधील ह्यूस्टनच्या दोन स्त्रिया या कंपनीच्या ग्राफ्टन गावच्या ध्वनिमुद्रणगृहात गेल्या. दोघींच्या हाती गिटार. त्यांच्या तीन तबकड्या निघाल्या, म्हणजे सहा गाणी. ते दिवस मंदीचे. तबकड्या विकत घेणार कोण? त्यातून पॅरामाउंटचा माल हलका, खरखर फार. आज या तबकड्यांच्या प्रती बोटांवर मोजाव्यात इतक्याच उरल्या आहेत.

पुढे जुन्या तबकड्यांचे शौकीन कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून दारोदार हिंडू लागले, तेव्हा ही गाणी पुन्हा कानी आली. त्यातले ‘लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज’ ऐकून जाणकारही थबकले. युद्धावर निघालेल्या आपल्या माणसाचे अखेरचे बोल आठवणारी ही स्त्री आवाज चढवीत नाही, आर्जव करीत नाही. शेजारची गिटार तिला मागून सावरते, ओव्या म्हणताना जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागावा तशी. दुसऱ्या एका तबकडीवर तर गाणे सुरू होण्याआधी दोघी एकमेकींना हाक मारून चार शब्द बोलतात. मला विचाराल तर त्या चार शब्दांत या जोडीचा जो घरोबा कळतो, तो कोणत्याही चरित्राने कळावयाचा नाही.

पण या होत्या कोण? तबकडीवर छापले होते, गीशी वायली आणि एल्व्ही थॉमस. शौकिनांनी ‘एल्व्ही’चा कसून शोध घेतला. ती सापडणार कशी? त्या नावाची बाईच नव्हती! तिचे नाव होते एल. व्ही. ही नुसती दोन अक्षरे. ऐकणाऱ्याने ती जोडून एक नाव केले.

आणि ती कोठे दूर गेली नव्हती. 1961 साली मॅक मॅककॉर्मिक हा लोकसंगीताचा संशोधक ह्यूस्टनमध्येच तिला भेटला. ती तेव्हा सत्तरीची होती. ब्लूज सोडून ती चर्चची झाली होती. गीशीला ती लिली मे म्हणे. मॅककॉर्मिकने हे सारे टिपून घेतले, आणि कागद फडताळात ठेवून दिले. ते जगापुढे आले 2014 साली, जॉन जेरमाया सलिव्हन यांच्या लेखातून. आणि दुसऱ्याची टिपणे अशी उजेडात आणावीत काय, यावर वादही झाला. वाद रास्तच. पण ती टिपणे त्रेपन्न वर्षे फडताळात राहिली, याचा जाब कोणी द्यावयाचा? एल. व्ही. 1979 साली वारली. तिच्या आयुष्याची शेवटची अठरा वर्षे तिचा पत्ता एका माणसाच्या कागदांत होता, आणि बाकीचे शौकीन ‘एल्व्ही’च्या शोधात होते.