झाडीखाली जीपीएस का भरकटतो? डांग, उमरपाड्याच्या वाटा नोंदवणाऱ्यांनी हे वाचावंच

सुरत : पाऊस लागला की उधना, लिंबायत, डिंडोली भागातली तरुण मंडळी रविवारी पहाटेच गाड्या काढतात. कोणी उमरपाड्याच्या देवघाटला, कोणी मांडवी तालुक्यातल्या केवडीला, कोणी थेट डांगात महाल, गिरमाळ, डोनपर्यंत. पायात जोर असलेले सीमा ओलांडून बागलाणातला १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर गाठतात. परत आल्यावर ग्रुपवर ट्रॅक टाकायचा, हा आता रिवाजच झाला आहे. आणि वाद तिथेच सुरू होतो. एकाच वाटेने, एकाच वेळी चाललेल्या चौघांच्या मोबाईलमध्ये चार वेगळी अंतरं. कोणाचा ट्रॅक नाल्याच्या पलीकडून गेलेला, कोणाचा कड्यावरून थेट खाली उडी मारलेला.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. तोच ट्रॅक पुढच्या रविवारी दुसरा ग्रुप मोबाईलवर लावून निघतो. त्यात वाट नाल्याच्या चुकीच्या काठाला दाखवली असेल, तर नवखा माणूस पुराच्या पाण्यात उतरायला मागेपुढे पाहत नाही, कारण मोबाईल सांगतोय ना! याच जंगलात वनहक्काच्या जमिनींची मोजणीही जीपीएसवर होते. तिथे पाच-सात मीटरची चूक कोणाच्या तरी बांधावरून जाते. त्याबद्दल पुढे.

पानांतलं पाणी आणि धडकून आलेला संकेत

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी त्याला साधारण सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. मोबाईल एवढंच करतो : संकेत कधी निघाला, कधी पोचला, हे पाहून अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह मिळाले की जागा ठरते. हिशेब सोपा आहे, पण त्यात उधारी चालत नाही. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

हा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत फारच क्षीण झालेला असतो. उघड्या माळावर तो पुरतो. सागाच्या, बांबूच्या दाटीत मात्र त्याला पानांतून, फांद्यांतून वाट काढावी लागते, आणि पानं म्हणजे शेवटी पाणीच. पाणी हा संकेत शोषून घेतं. त्यात पानांवर पावसाचा थर असला की आणखी भर. म्हणून एकाच वाटेचा ट्रॅक ऑगस्टमध्ये वेडावाकडा येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये, साग उघडाबोडका झालेला असताना, बराच सरळ येतो. ज्यांना एखाद्या वाटेचा भरवशाचा ट्रॅक कायमचा जपून ठेवायचा आहे, त्यांनी पानगळीनंतर एकदा ती वाट चालून घ्यावी. पावसाळ्यातल्या दहा फेऱ्यांपेक्षा ती एक फेरी जास्त उपयोगाची.

क्षीण होण्यापेक्षाही मोठा घोळ दुसराच आहे. संकेत ओल्या बुंध्यावर, घळीच्या खडकाळ भिंतीवर धडकून मग मोबाईलकडे येतो. तो लांबून फिरून आलेला असल्याने उशिरा पोचतो. मोबाईलला वाटतं, उपग्रह तेवढा दूर आहे. त्यामुळे जागा सरकते. पूर्णा अभयारण्यात किंवा साल्हेरच्या घळीत एका अंगाला उंच भिंत असते. तिथे निम्मं आकाशच झाकलेलं, उरलेले उपग्रह एकाच बाजूला गोळा झालेले. अशा वेळी ट्रॅक एकाच दिशेला झुकतो आणि झुकलेलाच राहतो.

निळं वर्तुळ काय सांगतं, काय सांगत नाही

मोबाईलच्या नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसतं. आपण त्याच्या आतच कुठेतरी आहोत, असं बहुतेकांना वाटतं. अँड्रॉइडमध्ये त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे : आपण त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे दर तीन वेळांपैकी जवळपास एकदा आपण बाहेरच असतो. शिवाय हा मोबाईलचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे. धडकून आलेल्या संकेताने फसलेला मोबाईल ‘५ मीटर’ असं छातीठोकपणे सांगतो आणि प्रत्यक्षात चूक वीस मीटरची असते.

नवापूरकरांना हा खेळ घरबसल्या ठाऊक आहे. तिथल्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. बाकावर हललंही नाही तरी ठिपका राज्य बदलून येतो! स्थानकावर ती गंमत असते, दरीच्या काठावर नसते.

निघण्याआधीची तीन मिनिटं

बहुतेकांची चूक पहिल्याच पावलाला होते. गाडी लावली, झाडीत शिरले आणि मग ॲप चालू केलं. प्रत्येक उपग्रह आपली नेमकी कक्षा सांगणारी माहिती फार हळू, दर ३० सेकंदांच्या फेरीत पाठवतो. झाडाखाली ती मध्येच तुटली की पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. नेट असेल तर मोबाईल ही माहिती सर्व्हरवरून चटकन घेतो, पण डांगात आत गेल्यावर रेंजचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून उघड्या जागी, रेंज असतानाच ॲप लावून दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मगच आत शिरायचं. त्या भागाचा नकाशाही घरूनच डाउनलोड केलेला हवा. नेट गेलं तरी जीपीएस चालतं, नकाशा मात्र चालत नाही.

दुसरी गोष्ट बॅटरीची. स्क्रीन बंद झाली की बरेच मोबाईल मागे चालणारी ॲप झोपवतात. ट्रॅकमध्ये दोन किलोमीटरची सरळ रेघ दिसली तर उपग्रहांना दोष देऊ नये. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरती बॅटरी बचत बंद करावी आणि लोकेशनची परवानगी ‘कायम’ ठेवावी. नेटवर्क शोधण्यात बॅटरी जळते, म्हणून रेंज गेल्यावर फ्लाइट मोड लावलेला बरा. लोकेशन चालू असेल तर जीपीएस त्यातही सुरू राहतं. पॉवर बँक हवीच.

मोबाईल पँटच्या खिशात ठेवला की निम्मं आकाश आपलं शरीरच झाकतं. शरीर म्हणजे पुन्हा पाणी. सॅकच्या वरच्या कप्प्यात किंवा खांद्याच्या पट्ट्याला, प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ठेवावा.

नवा मोबाईल घ्यायचाच असेल तर त्यात एल-१ सोबत एल-५ संकेत घेण्याची सोय आहे का, हे विचारावं. दुकानदाराला माहीत नसेल, म्हणून नेटवर मॉडेल तपासून जावं. असे मोबाईल २०१८ पासून बाजारात आहेत. एल-५ मध्ये थेट आलेला आणि धडकून आलेला संकेत वेगळा ओळखणं सोपं जातं, त्यामुळे झाडीत फरक जाणवतो. आपल्या इस्रोचं नाविकही एल-५ वर संकेत देतं. परदेशातून नातेवाइकांनी पाठवलेलं, उपग्रहावरून मेसेज करणारं यंत्र मात्र सोबत नेऊ नये. अशी उपकरणं परवानगीशिवाय वापरणं भारतात बेकायदा आहे. साधं हातातलं जीपीएस यंत्र चालतं.

चालताना आणि परतल्यावर

दर सेकंदाला एक बिंदू नोंदवला की ट्रॅक अचूक येतो, हा समज चुकीचा. चढावर माणूस ताशी ३ किलोमीटरने चालतो, म्हणजे सेकंदाला एक मीटरही नाही. आणि झाडीत चूक पाच-दहा मीटरची. चालणं कमी, थरथरच जास्त नोंदली जाते आणि अंतर फुगतं. झाडीत ५ ते १० सेकंदांचं अंतर पुरे. वळणावळणाच्या उतरणीवर ते कमी ठेवावं, नाहीतर वळणं कापली जातात. धबधब्यापाशी अर्धा तास बसायचं असेल तर नोंद थांबवावी. बसलेल्या जागी ठिपका फिरत राहतो आणि भजी खातानाही किलोमीटर वाढतात.

वाट फुटते ती जागा, नाला ओलांडायची जागा, पाण्याची जागा, एवढ्या ठिकाणी मात्र थांबून दोन-तीन मिनिटं नोंद घ्यावी आणि सरासरी काढणारी सोय असेल तर ती वापरावी. सोबत फोटो काढावा. पुढच्या माणसाला वाकड्यातिकड्या रेघेपेक्षा ‘मोठ्या मोहाच्या झाडापासून डावीकडे’ हे जास्त कामाचं.

ट्रॅक कितपत खरा, हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. त्याच वाटेने परत या आणि जातानाची रेघ येतानाच्या रेघेवर ठेवून पाहा. दोन्हींत जेवढी फट, साधारण तेवढा तुमच्या मोबाईलचा त्या झाडीतला घोळ. मधल्या तासांत उपग्रहांच्या जागा बदललेल्या असतात, म्हणून ही तुलना उपयोगी. फक्त उंच भिंतीशेजारी दोन्ही रेघा एकाच बाजूला चुकू शकतात. ग्रुपवर टाकण्याआधी टोकदार उड्या पुसाव्यात आणि ‘भर पावसात नोंदवलेला’ असं लिहावं.

उंचीबद्दल एक. काही ॲप सुरत शहर समुद्रसपाटीच्या ४०-५० मीटर खाली दाखवतात. जीपीएस पृथ्वीच्या गणिती गोलावरून उंची मोजतं आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या गोलाच्या सुमारे ५०-६० मीटर खाली येते. ॲपमध्ये ही दुरुस्ती चालू करता येते.

जिथे मीटरची किंमत गुंठ्यांत होते

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्यातल्या जमिनीचा, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत, हक्क मिळतो. दक्षिण गुजरात आणि नंदुरबार पट्ट्यात असे दावे हजारोंनी आहेत. नर्मदा जिल्ह्यात आर्च-वाहिनी संस्थेने गावातल्याच तरुणांना सोबत घेऊन जीपीएसने शेतं मोजण्याचं काम केलं.

आता हिशेब पाहा. एक एकराचं चौकोनी शेत, म्हणजे बाजू साधारण ६३.६ मीटर. झाडांच्या सावलीतली मेर चारही बाजूंनी ३ मीटर आत नोंदली गेली, तर बाजू ५७.६ मीटर होते आणि ४० गुंठ्यांचे उरतात जेमतेम ३३. चूक नेहमी आतच होते असं नाही, बाहेरही जाते. पण मग शेजाऱ्याशी नाहीतर वनखात्याशी भांडण.

म्हणून मेर चालताना कोपऱ्यांवर थांबून सरासरी घ्यावी, पानगळीनंतरचे महिने निवडावेत, आणि कोपरा झाडाखाली असेल तर जवळच्या उघड्या जागेवर बिंदू घेऊन तिथून टेपने अंतर व दिशा लिहावी. मोजणीला दावेदाराने स्वतः हजर राहावं. वनहक्क समितीची जागेवरची पडताळणी हा नियमाचाच भाग आहे. यंत्राचा आकडा अंतिम मानायची सक्तीही नाही. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार उपग्रह चित्रं व इतर तंत्र हे बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून आहेत, त्यांच्या जागी नाहीत. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये, आर्चच्याच याचिकेवर, केवळ उपग्रह चित्रांच्या आधारे दावे फेटाळता येणार नाहीत, असं स्पष्ट केलं. त्यामुळे जुनी झाडं, दगडी बांध, विहीर, गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब हे सगळं जीपीएसच्या नकाशासोबत त्याच फाइलमध्ये जोडावं.