‘सेल’च्या फलकामागचा कायदा

गणपतीच्या खरेदीला रोह्याच्या बाजारात जाताना हे ध्यानात ठेवा:

● एमआरपीत सर्व कर धरलेले असतात. ५०० रुपये एमआरपीच्या शर्टावर ४० टक्के सूट जाहीर केली, तर बिल ३०० रुपयेच. वर पुन्हा जीएसटी लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा.

● पुरेसा माल नसताना केवळ गिऱ्हाईक ओढण्यासाठी सवलतीची जाहिरात करायला जाहिरातींविषयीच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई आहे.

● दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

● बिल नाकारणे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९चा भंग आहे.

तक्रारीसाठी हेल्पलाइन १९१५ किंवा अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही. बिल मागून घ्या, जपून ठेवा.