तारण एका दिवसात झालं, मग राग का जात नाही? – एका प्रश्नाची चिरफाड

मागच्या आठवड्यात गावी होतो. कोहमाऱ्याला हायवेवरच्या टपरीवर चहा घेताना पेटची तयारी करणारा एक धाकटा मित्र म्हणाला, "भाऊ, दोन वर्षं झाली ख्रिस्त स्वीकारून. तरी घरी आईवर ओरडतोच. मग माझं तारण खोटं समजायचं का?"

मी विज्ञानाचा विद्यार्थी, धर्मशास्त्राचा नाही. पण पोरगा खरंच घाबरलेला होता. म्हटलं, संशोधनाच्या पद्धतीने बघू.

१. आधी शब्द वेगळे करा

ख्रिस्ती शिकवणीत इथे दोन गोष्टी आहेत. देव क्षमा करून माणसाला नीतिमान ठरवतो, ही घटना. त्यानंतर स्वभाव हळूहळू बदलत जातो, त्याला पवित्रीकरण म्हणतात, ही प्रक्रिया. मित्राने प्रक्रियेतली कमतरता बघितली आणि निकाल घटनेवर दिला. मोजलं एक, निष्कर्ष दुसऱ्याचाच! आपल्या सिनॉप्सिसमध्येही हीच चूक सगळ्यात जास्त होते.

२. आधी कोण काय म्हणालं ते वाचा

रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात पौल लिहितो की जे चांगलं करायचं ते हातून होत नाही, नको तेच होतं. हे विश्वास ठेवण्यापूर्वीचं वर्णन की नंतरचं, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. लूथरच्या मते विश्वासी माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. १८व्या शतकातले जॉन वेस्ली मात्र म्हणाले, प्रेमाची परिपूर्णता याच जन्मात शक्य आहे. म्हणजे प्रश्न जुना आहे, मित्र एकटा नाही.

३. जवळची केस शोधा

कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते, म्हणजे आपल्या गोंदियावरूनच. डब्यात भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तारीख ठरलेली, घटना स्पष्ट. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचा. टिळकांचा शीघ्रकोपी स्वभाव त्या तारखेला संपला नाही, पुढेही तो डोकावतोच.

लक्ष्मीबाईंचं उलटं झालं. आधी सोवळं-ओवळं, जातीचा विटाळ मनातून गळाला. १९०० मध्ये बाप्तिस्मा नंतर. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पण ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला तो १८९१ च्या सुमारास, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तीन माणसं, तीन वेगळे क्रम. एकाच आलेखात ती बसत नाहीत.

४. स्रोताची मर्यादा ओळखा

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून छापली गेली, टिळक १९१९ मध्येच वारले होते. म्हणजे आठवणी आहेत, रोजची नोंद नाही. शिवाय देवाची कृपा आपल्या कुठल्याच उपकरणात मोजता येत नाही. अभ्यास करता येतो तो माणूस काय सांगतो, काय करतो याचा.

आणि करण्याबद्दल परंपरा बऱ्यापैकी ठाम आहे. पाप नाकारू नका, कबूल करा. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, हे इफिसकरांस पत्रात आहे. नुकसान केलं असेल तर भरून द्या. जक्कयाने चौपट परत द्यायची तयारी दाखवली होती. प्रार्थना, वचन वाचन, आणि चुकलं की तोंडावर सांगणारा एखादा विश्वासू सोबती. यातलं काहीही तारण 'कमावण्यासाठी' नाही, ते मिळालंय म्हणून आहे. हा क्रम उलटला की भीती सुरू होते.

मित्राला एवढंच म्हणालो, "'तारण खोटं का' हे विचारण्याआधी हे विचार – दोन वर्षांपूर्वी ओरडल्यावर आईची माफी मागत होतास का? आता मागतोस का?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आधी तर वाईटही वाटत नव्हतं, भाऊ."

बघा, आता प्रश्न अभ्यासण्याजोगा झाला. तुमच्या विषयाचंही करून बघा: कागदाचे दोन रकाने पाडा, एकात घटना, दुसऱ्यात प्रक्रिया. गोंधळ कुठे आहे ते लगेच दिसेल.