जन्मतारीख, पदवी आणि पाच दिवस

सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाचच्या सुमारास उभं राहिलं की पळणारी पोरं दिसतात. दोघं पुढं, सहा-सात मागं, एकाच्या हातात स्टॉपवॉच लावलेला मोबाइल. सोळाशे मीटरचं अंतर रस्त्याकडेच्या खुणांवर बसवलेलं असतं, पेट्रोल पंपापासून ओढ्यावरच्या पुलापर्यंत जाऊन परत. भरतीची तयारी चाललेली असते. यातली बरीच पोरं बी.ए., बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असतात, तरी सैन्यात शिरायचं एकच दार त्यांना ठाऊक असतं, ते भरतीच्या मैदानाचं. हातातली पदवी अधिकारी होण्याच्या परीक्षेलाही चालते, हे कित्येकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शहरात उलटा प्रकार. पुण्यातल्या क्लासमधल्या मुलामुलींना सीडीएस, एएफकॅट, टीजीसी, एनसीसी स्पेशल ही नावं तोंडपाठ असतात. मग दिसेल तिथं अर्ज टाकायचा, जे लागेल ते लागेल. गावाकडच्या पोराला पर्याय माहीत नाहीत, शहरातला पर्यायांकडे नीट बघत नाही. निवड दोघांचीही राहून जाते.

सुरुवात आवडीपासून करावी, असं व्यासपीठावरून सगळे सांगतात. प्रत्यक्षात ती जन्मतारखेपासून होते. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा सीडीएस, म्हणजे कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा घेतो. या एका परीक्षेतून चार ठिकाणी जाता येतं: डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी म्हणजे आयएमए, केरळमधल्या एळिमलाची नौदल अकादमी, हैदराबादजवळच्या दुंडीगलची हवाई दल अकादमी आणि चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी, म्हणजे ओटीए. पहिल्या तिन्हींसाठी वय साधारण चोविशीच्या आत लागतं, ओटीएला आणखी एक वर्ष मिळतं. एम.ए. करून मग बघू, असं म्हणणाऱ्याच्या हातून तीन दारं तिथंच निसटतात.

मग पदवी. आयएमए आणि ओटीएला कोणतीही चालते. नौदलाला इंजिनिअरिंगची हवी. हवाई दलाला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, किंवा मग इंजिनिअरिंग. बारावीला गणित सोडलेला बी.कॉम.चा मुलगा विमानांच्या कितीही गोष्टी करो, वैमानिकाच्या रांगेत त्याला उभं राहता येत नाही. गणिताची धास्ती असलेल्यांसाठी मात्र एक सोय आहे. ओटीएसाठी गणिताचा पेपरच नसतो, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढ्यावर भागतं. आणि जागाही तिथंच जास्त. २०२४ च्या पहिल्या सीडीएसला एकूण ४५७ जागा होत्या. त्यांपैकी आयएमएच्या १००, नौदल आणि हवाई दलाच्या प्रत्येकी ३२, तर ओटीएच्या मुलांसाठी २७५ आणि मुलींसाठी १८.

लेखी परीक्षेशिवायही रस्ते आहेत. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट किमान ‘बी’ श्रेणीत असेल, तर ओटीएसाठी थेट मुलाखतीचं बोलावणं येऊ शकतं. इंजिनिअरांना टीजीसी, म्हणजे टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स, आणि शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल, कायद्याच्या पदवीधरांना जॅग, म्हणजे लष्कराची विधी शाखा. हवाई दलाची एएफकॅट ही मात्र वेगळी लेखी परीक्षा. तिच्यातून उडण्याबरोबर जमिनीवरच्या तांत्रिक आणि प्रशासकीय शाखाही मिळतात.

हे सगळं जुळलं तरी शरीराला विचारावं लागतं. वैमानिक व्हायचं तर नुसती नजर चांगली असून भागत नाही. उमेदवाराला टेकवून बसवतात आणि बसल्यावरची उंची मोजतात. ती ८१.५ ते ९६ सेंटिमीटरमध्ये हवी. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, मांडीची ६४ पेक्षा जास्त नको. कॉकपिटचं माप आधीच ठरलेलं असतं, माणसानं त्यात बसायचं असतं. मांडी दोन सेंटिमीटर लांब निघाली तर कितीही अभ्यास केलेला असला तरी उपाय नाही. घरच्या घरी टेप लावून जे कळलं असतं, ते कित्येकांना वैद्यकीय तपासणीच्या टेबलावर कळतं.

वैमानिकाची कलचाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. आज ती संगणकावर घेतली जाते. पेडल, जॉयस्टिक, पडद्यावरचे आकडे, सगळं एकाच वेळी सांभाळायचं. नापास झाल्यास उडण्याच्या शाखेचं दार कायमचं बंद. आणि तरीही ‘अनुभव म्हणून देऊन बघितली’ असं सांगणारी मुलं भेटतात.

अर्ज, लेखी परीक्षा हे सगळं एका जागी येऊन मिळतं: सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, एसएसबी. प्रयागराज, भोपाळ, बेंगळुरू, जालंधर ही लष्कराची केंद्रं. नौदलाची आणि हवाई दलाची वेगळी. पाच दिवस मुक्काम. पहिल्या दिवशी छातीवर नंबराचं कापड बांधलं की नाव संपतं. पुढचे दिवस माणूस ‘चेस्ट नंबर चौदा’ असतो.

पहिल्याच दिवशी चाळणी लागते. पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दिसतं. चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि मग पंधराएक जणांच्या गटात बसून सगळ्यांची मिळून एक गोष्ट ठरवायची. पहिल्यांदा सगळे शिस्तीत आपापली सांगतात. चर्चा सुरू झाली की एकदम कालवा होतो; उमेदवार स्वतःच त्याला ‘मासळी बाजार’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या मुलांची अडचण इथं दिसते. इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, पण दिल्ली-चंडीगडची मुलं तोंडातून वाक्यं फेकत असताना मध्ये शिरायला जीभ उचलत नाही. मोठ्या आवाजाला गुण नसतात, पण अगदीच गप्प राहिलेल्यालाही कुणी वाचवत नाही. दुपारी नंबर वाचले जातात. ज्यांचा नाही ते ‘स्क्रीन आऊट’, आणि संध्याकाळच्या आत बॅग घेऊन स्टेशनवर.

उरलेल्यांना पीआयक्यू नावाचा फॉर्म भरायला देतात. आयुष्याचा बराचसा काळ जिथं गेला ते गाव, तिथली लोकसंख्या, ते जिल्ह्याचं ठिकाण आहे का, वडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न, खेळ, छंद, आधीच्या मुलाखती, आणि कोणत्या सेवेला जायचंय. मुलं हा फॉर्म घाईघाईत भरतात. मुलाखत घेणारा अधिकारी मात्र तो समोर ठेवूनच बसतो. छंदात ‘ट्रेकिंग’ लिहिलं असेल आणि राजगडाच्या माच्या किती हे सांगता आलं नाही, तर पुढचा अर्धा तास जड जातो. सेवेच्या रकान्याचंही तेच. ‘हवाई दल पहिलं लिहिलंय, मग ओटीएचाही अर्ज का?’ या प्रश्नाला वयाचं कारण दिलं तरी चालतं, जागांचं दिलं तरी चालतं. ‘लहानपणापासून देशसेवेचं स्वप्न’ हे उत्तर त्या खुर्चीनं दिवसातून दहा वेळा ऐकलेलं असतं.

दुसरा दिवस मानसशास्त्राचा. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, अर्धा तास. इतक्या वेगात पाठ केलेली उत्तरं टिकत नाहीत, म्हणून वेग ठेवलाय. मग मैदान. जीटीओ, म्हणजे गटाच्या कामांचा अधिकारी, एक फळी, एक बल्ली आणि दोर देतो. लाकडी खांबांवरून पलीकडं जायचं, जमिनीला पाय लावायचा नाही, लाल रंगाला शिवायचं नाही. एखादा गडी फळी स्वतःच धरून बसतो, कुणाच्या हाती देत नाही. दुसरा काही न बोलता बल्लीचं टोक बांधतो आणि मागच्याला हात देतो. तपासणारा फळीकडे बघतच नसतो, तो या दोघांकडे बघत असतो.

एसएसबीत अधिकाऱ्याचे पंधरा गुण मोजले जातात. या मुक्कामाचा निवडीशी संबंध आहे तो इथं: गावच्या यात्रेची वर्गणी गोळा करणारा, कबड्डीचा संघ बांधणारा मुलगा इथं निवांत असतो, आणि ज्यानं तीन वर्षं फक्त पुस्तकं घोकली तो फळी हातात घेऊन गोंधळतो. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स होते, नंबर पुकारले जातात. कधी चार-पाच, कधी एकही नाही.

आता राहिला तो मुद्दा, ज्यावर बाविसाव्या वर्षी कुणी बोलत नाही: किती वर्षं द्यायची? आयएमएतून कायम कमिशन मिळतं. ओटीएतून शॉर्ट सर्व्हिस कमिशन: दहा वर्षं, वाढवून चौदा, आणि त्यांपैकी काहींना कायम कमिशन. निवृत्तिवेतनाला अधिकाऱ्यांची वीस वर्षं सेवा लागते, म्हणजे चौदाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला ते नाही. म्हणून मेसच्या गप्पांमध्ये शॉर्ट सर्व्हिस हलकी समजली जाते. हे चूक आहे. पस्तिशीच्या आसपास, माणसं आणि साहित्य हाताळायचा अनुभव घेऊन बाहेर पडणं कुणाला सोयीचंही असतं. फक्त ते आधी ठरवलेलं असावं, दहाव्या वर्षी अचानक कळलेलं नसावं.

ओटीएचं दार काय करू शकतं याचं उदाहरण साताऱ्याचंच आहे. कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यानंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी एसएसबी दिली, वयाची अट शिथिल करून त्यांना संधी मिळाली आणि चेन्नईचं खडतर प्रशिक्षण पुरं करून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. पदरात दोन मुलं होती. स्त्रियांना लष्करात कायम कमिशनचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालानं रुंद झाला. त्याआधी बहुतेक शाखांमध्ये मुली ओटीएतून जात आणि चौदाव्या वर्षी परतत.

लष्करातली कोणती शाखा, पायदळ की रणगाडे, तोफखाना की सिग्नल्स, हे तर अकादमीत ठरतं. कॅडेट पसंती लिहितो. गुणवत्ता आणि रिकाम्या जागा पाहून वाटप होतं. वडिलांच्या रेजिमेंटवर मुलाचा हक्क सांगायची जुनी परंपराही आहे.

मग भरतीचं मैदान? ते वाईट नाही, पण त्याचा हिशेब २०२२ नंतर बदललाय. अग्निवीराची मुदत चार वर्षं, त्यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढं कायम होतात, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. शिपायातून अधिकारी होता येतं हेही खरं. १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून परमवीरचक्र मिळवणारे रामा राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले होते. पण पदवी हातात असताना आधी सीडीएसचा अर्ज न भरता पळायला लागणं, हे निव्वळ माहिती नसल्यामुळं होतं.

महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. सीडीएसची लेखी परीक्षा पास झालेले, ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणीचं ‘सी’ सर्टिफिकेट असलेले आणि एनसीसीच्या ग्रुप मुख्यालयानं शिफारस केलेले, किंवा टीजीसीसाठी एसएसबीचं बोलावणं आलेले उमेदवार तिथं एसएसबीचं प्रशिक्षण घेऊ शकतात. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं मोफत. चौकशी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात करायची. क्लासची फी भरण्याआधी.