सातबारा, वर्दी आणि संगणकाची खिडकी



सरकारी कचेरीत हल्ली एक वाक्य हमखास कानावर येते : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." ऐकणारा बिचारा कागदांची पिशवी काखेत मारतो आणि परतीची एस.टी. धरतो. हा सर्व्हर म्हणजे आहे तरी काय, तो बंद पडतो म्हणजे नेमके काय बिघडते आणि दर वेळी दोष त्याचाच असतो काय, याचा थोडा उलगडा आज करू. विषय यंत्राचा खरा. पण त्याची गाठ आपल्या सातबाऱ्याशी बांधलेली आहे, म्हणून तो समजून घेतलेला बरा.

मुळात अडचण काय होती ती आधी पाहू. जमिनीचे खरेदीखत नोंदवायचे ते दुय्यम निबंधकांच्या कचेरीत, १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे. सातबारा मात्र महसूल खात्याकडे. खाती दोन, दप्तरे दोन. खरेदीखत झाले एवढ्याने सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही. म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १५४ व्या कलमात अशी तजवीज आहे की, दस्त नोंदला गेला की निबंधकांनी तलाठी आणि तहसीलदार यांना तसे कळवावे. या कळवण्यालाच आपण वर्दी म्हणतो.

पूर्वी ही वर्दी कागदावर जाई. कागद म्हटला की तो टपालात अडकतो, टेबलावर पडून राहतो, कधी गहाळही होतो. तोवर सातबाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचे! घेणाऱ्याचे पीककर्ज अडते, आणि विकणारा मनाचा खोटा असला, तर तोच उतारा दाखवून तीच जमीन दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला मोकळा. कागद पोहोचायला उशीर झाला, एवढ्यावरून भाऊबंदकी आणि कोर्टकज्जे उभे राहतात, हे गावकऱ्यांना सांगायला नको.

यावर उपाय निघाला तो संगणकाचा. नोंदणी महानिरीक्षक आणि जमाबंदी आयुक्त या दोन्ही खात्यांची मुख्य कार्यालये पुणे शहरातच आहेत. नोंदणी खात्याच्या संगणकप्रणालीचे नाव 'आय-सरिता' आणि महसूल खात्याच्या फेरफार प्रणालीचे नाव 'ई-फेरफार'. या दोन प्रणाली एकमेकींना जोडल्या गेल्या. निबंधकांकडे दस्त नोंदला की त्याची माहिती तारेवाटे तलाठ्याच्या, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या कामापर्यंत जावी, अशी ही योजना. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळू लागला.

आता प्रश्न असा, की एका खात्याचा संगणक दुसऱ्या खात्याच्या संगणकाशी बोलतो कसा? त्याला ना तोंड, ना कान.

अशी कल्पना करा की एक मोठी कचेरी आहे. आत कारकून आहेत, दप्तर आहे. पण बाहेरच्या माणसाला आत मज्जाव आहे. त्याच्यासाठी भिंतीला खिडक्या ठेवल्या आहेत : एकीवर अर्ज घेतात, दुसरीवर नक्कल देतात, तिसरीवर पैसे भरून घेतात. या कचेरीच्या जागी 'ॲप्लिकेशन सर्व्हर' समजा. संगणकावर अखंड चालू राहून इतरांची कामे करून देणारी ही व्यवस्था. तिच्यातले जे काम दुसऱ्या संगणकाला मागता येते, त्याला 'वेब सर्व्हिस' म्हणतात; आणि ते ज्या ठराविक ठिकाणी मागायचे, त्याला 'एंडपॉइंट' असे नाव आहे. आपण त्याला सेवेची खिडकी म्हणू.

खिडकी म्हटली की तिला पत्ता हवाच. आपल्या टपालाचेच बघा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आलेला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्या सहा आकड्यांनी पत्र योग्य टपाल कचेरीत जाते; पुढे गल्ली, घर आणि माणसाचे नाव लागतेच. संगणकाच्या पत्त्याचेही असेच टप्पे आहेत. पहिला टप्पा यंत्राचे नाव. दुसरा दाराचा क्रमांक. त्याला 'पोर्ट' म्हणतात. असे क्रमांक ६५,५३५ पर्यंत असू शकतात. साध्या वाहतुकीला ८० आणि बंद लखोट्यातल्या, म्हणजे सांकेतिक लिपीतल्या वाहतुकीला ४४३ हा क्रमांक जगभर ठरलेला आहे. तिसरा टप्पा म्हणजे आतल्या खिडकीपर्यंतची वाट. यांत एक अक्षर चुकले तरी निरोप परत फिरतो. संगणक काही पोस्टमनसारखा शेजारी चौकशी करीत नाही!

ही खिडकी नीट बसवणे, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'कॉन्फिगर' करणे म्हणतात, हे जबाबदारीचे काम आहे. त्यातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पाटीची. प्रत्येक सेवेबरोबर एक माहितीपत्रक ठेवतात : खिडकी कोठे आहे, काय विचारावे, उत्तर कसे मिळेल. जुन्या धर्तीच्या सेवांमध्ये या पत्रकाला 'डब्ल्यूएसडीएल' म्हणतात. त्याचा मसुदा २००० साली जगापुढे आला. पुष्कळदा यंत्र उभे करणारा माणूस आपल्याच टेबलावर सगळे तपासून बघतो आणि पत्रकात पत्ता तसाच राहून जातो : 'लोकलहोस्ट'. याचा अर्थ 'हेच यंत्र'. आता एखाद्याने पाहुण्याला पत्ता म्हणून "माझ्या घरी" एवढेच लिहून दिले आणि पाहुण्याने तो आपल्या गावी जाऊन वाचला, तर तो कोठे जाईल? स्वतःच्याच घरी! दूरच्या संगणकाचे तसेच होते. तो स्वतःच्याच दारावर थाप मारीत बसतो. म्हणून पाटीवर बाहेरच्याला उपयोगी पडेल तोच पत्ता लिहावा लागतो. शिवाय पत्ते कार्यक्रमाच्या पोटात कोरून ठेवू नयेत, वेगळ्या नोंदीत ठेवावेत. म्हणजे जागा बदलली तर नोंद बदलली की झाले. आणि तालमीची खिडकी निराळी, खऱ्या कामाची निराळी, हा भेदही राखता येतो. तालमीचा फेरफार खऱ्या दप्तरात चढला तर अनर्थच.

दुसरी गोष्ट लिपीची. देणाऱ्याने मराठी अक्षरे एका संकेताने पाठवली आणि घेणाऱ्याने दुसऱ्या संकेताने वाचली, तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून दोन्हीकडे युनिकोडचा एकच संकेत ठरवून घेतात. शेतकऱ्याचे नाव म्हणजे त्याचा हक्क; त्याचे प्रश्नचिन्ह होऊन कसे चालेल?

तिसरी गोष्ट ओळखीची. खिडकीवर जो येईल त्याला उत्तर द्यायचे नसते. येणाऱ्याने ओळख पटवावी लागते आणि खिडकीनेही आपण खरी असल्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. या प्रमाणपत्राला मुदत असते. ती टळली की यंत्र धडधाकट, तार शाबूत, तरीही व्यवहार बंद! सर्व्हर डाऊन म्हणतात त्यामागे कित्येकदा एवढेच कारण असते.

चौथी गोष्ट वाट पाहण्याची. निरोप पाठवला आणि पोच आली नाही, तर किती वेळ थांबायचे हे ठरवून द्यावे लागते. फार थोडा वेळ ठेवला तर काम अर्धवट सुटते. फार ठेवला तर मागे रांग तुंबते. आणि पोच आली नाही म्हणून निरोप पुन्हा पाठवला, पण पहिला वास्तविक पोहोचला होता, तर? एका खरेदीचे दोन फेरफार! म्हणून प्रत्येक वर्दीवर दस्ताचा क्रमांक, साल आणि कचेरी यांची खूण असावी लागते. तीच खूण पुन्हा आली तर घेणाऱ्याने म्हणावे, "ही मला पोहोचली आहे," आणि नवी नोंद करू नये.

खिडकी काय उत्तर देते तेही ऐकण्यासारखे आहे. ४०४ म्हणजे या पत्त्यावर असे काही नाही. ४०३ म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. ५०० म्हणजे आत काहीतरी बिघडले. ५०३ म्हणजे सध्या सेवा देता येत नाही. ५०४ म्हणजे मधल्या दरवानाने वाट पाहिली, पण आतून वेळेत उत्तर आले नाही. पाहा, बिघाड पाच आणि उपायही पाच. आपण मात्र सगळ्यांना एकच नाव देतो. खिडकीवर पडद्यावरचा आकडा विचारून टिपून घेतला, तर पुढची तक्रार नेमकी होते.

शिक्षकबंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. हा पाठ संगणकाशिवायही शिकवता येतो. वर्गात दोन 'कचेऱ्या' करा. मुलांनी एकमेकांशी न बोलता फक्त चिठ्ठ्यांवर व्यवहार करावा. मग एका चिठ्ठीवर पत्ता चुकीचा घाला, एकीची पोच दडवून ठेवा, एक चिठ्ठी दोनदा पाठवा. काय गोंधळ उडतो आणि तो टाळायला कोणते नियम हवेत, ते मुले आपण होऊन सांगतील. नियम सापडला की तो जन्मभर लक्षात राहतो.

आणि शेतकरीबांधवांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वर्दी यंत्राने गेली, तरी फेरफार यंत्र मंजूर करीत नाही. नोंद फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ही मुदत वेळकाढूपणासाठी ठेवलेली नाही. ज्याचा हक्क जात असेल त्याला बोलता यावे म्हणून आहे. तेव्हा खरेदीखत झाल्यावर दस्त क्रमांक जपून ठेवा, फेरफार क्रमांक पडला का ते विचारा, नोटीस वाचल्याशिवाय सही करू नका, आणि नवा सातबारा हाती आला की नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र स्वतः ताडून पाहा. खिडकीतून निरोप पोहोचवण्याचे काम यंत्राचे. तो बरोबर पोहोचला की नाही, हे बघण्याचे काम ज्याची जमीन त्याचे.